घरगुती केक (महाराष्ट्र)

घरगुती केक म्हणजे व्यावसायिक भट्टीचा आधार न घेता घरच्या स्वयंपाकघरात भाजलेला गोड, मऊ व कमी-अधिक फुगीर खाद्यपदार्थ होय. महाराष्ट्र व गोव्यातील घरांत या पदार्थाचे दोन प्रवाह आढळतात. पहिला प्रवाह धोंडस, तवसोळी, बाथ, बेबिंका अशा किनारपट्टीवरील पदार्थांचा असून हे पदार्थ पारंपरिक पद्धतीत भांड्याच्या वर-खाली निखारे ठेवून भाजले जात. दुसरा प्रवाह मैद्याच्या व रव्याच्या केकचा असून तो बेकऱ्या, प्रेशर कुकर, विजेचा ओव्हन आणि बेकिंग पावडर यांच्या प्रसाराबरोबर विसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांत रुजला. बहुतेक घरांत ओव्हन नसणे आणि अनेक घरांत अंडे वर्ज्य असणे या दोन मर्यादांतून घरगुती केकच्या मराठी पद्धती घडल्या. कुकरमधील केक, बिनअंड्याचा रव्याचा केक आणि स्टीलच्या वाट्यांत भाजलेले छोटे केक ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

संज्ञा

'केक' हा शब्द मराठीत इंग्रजीतून, तर 'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. ओव्हनमधील कोरड्या उष्णतेने पदार्थ शिजवण्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही. तव्यावरची भाकरी, निखाऱ्यातले वांगे आणि भट्टीतली नानखटाई या सर्वांसाठी 'भाजणे' हेच क्रियापद वापरले जाते. पाण्याच्या वाफेवर शिजणाऱ्या पदार्थांसाठी मात्र 'उकडणे' किंवा 'वाफवणे' असे वेगळे शब्द आहेत. हा भेद केकच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो, कारण वाफेवर शिजवलेला केक फुगतो, पण त्याला खरपूस तांबूस पापुद्रा येत नाही. आधुनिक पाककृतींत 'बेक करणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. लांबट चौकोनी साच्यातील केकला 'लोफ', तर वाटीच्या आकाराच्या छोट्या केकला 'कप केक' म्हणतात.

निखाऱ्यांवरील पारंपरिक पदार्थ

केक भाजताना त्याला खालून आणि वरून अशी दोन्ही बाजूंनी उष्णता मिळावी लागते. चुलीवर ही गरज भागवण्यासाठी पितळी किंवा तांब्याच्या जाड भांड्यात मिश्रण ओतून त्यावर सपाट झाकण ठेवले जाई. चुलीतील जाळ कमी करून भांडे मंद आचेवर ठेवत आणि झाकणावर पेटते निखारे पसरत. नारळाच्या करवंट्या व सोडणे यांचे निखारे कोकणात आणि गोव्यात सहज उपलब्ध असल्याने ही पद्धत तेथे विशेष रुजली.

धोंडस व तवसोळी: जून झालेली मोठी काकडी, तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे यांपासून केलेला हा पदार्थ कोकणात धोंडस, तर दक्षिण कोकणात व गोव्यात तवसोळी किंवा तवसळी या नावांनी ओळखला जातो. 'तवसे' म्हणजे काकडी. यात अंडे, मैदा किंवा यीस्ट नसते. सुगंधासाठी वेलची आणि अनेक ठिकाणी हळदीचे पान वापरतात. पावसाळ्यात काकडीचे पीक येते, त्यामुळे हा मुख्यतः त्या हंगामातील पदार्थ आहे.

बाथ: रवा, नारळ, साखर, लोणी व अंडी यांचा हा गोव्यातील केक असून तो प्रामुख्याने नाताळात केला जातो. 'बातिका' हे त्याचे दुसरे नाव आहे. याच घटकांच्या जवळ जाणारा 'थाली स्वीट' हा पदार्थ मुंबई व वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात नाताळासाठी करतात.

बेबिंका: नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा व तूप यांपासून केलेला हा थरांचा पदार्थ आहे. एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्यावरच त्यावर दुसरा थर ओततात, त्यामुळे तो करण्यास अनेक तास लागतात. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

किनारपट्टीवरील काही समाजांत केले जाणारे भानोले हा तिखट पदार्थही याच तंत्राने भाजला जाई. विदर्भातील रोडगे व खानदेशातील बट्टी हे गव्हाचे पदार्थ गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजण्याची रीत आहे. ओव्हनचे यंत्र नवीन असले, तरी कोरड्या उष्णतेत पदार्थ भाजण्याचे तंत्र मराठी स्वयंपाकघराला पूर्वीपासून परिचित होते, हे यावरून दिसते.

बेकरी आणि घर

मुंबई व पुणे येथील इराणी आणि पारशी व्यावसायिकांच्या बेकऱ्यांमुळे केक, बिस्किटे व खारी हे पदार्थ शहरी जीवनाचा भाग झाले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ १९१४ साली सुरू झालेले बी. मेरवान हे उपाहारगृह मावा केकसाठी प्रसिद्ध झाले. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेली कयानी बेकरी श्रूझबेरी बिस्किटे व मावा केक यांसाठी ओळखली जाते. मावा केकमध्ये खवा, लोणी, अंडी व वेलची यांचा वापर होतो. युरोपीय केकमधील व्हॅनिलाच्या जागी आलेली वेलची ही या केकची खूण मानली जाते.

घर व बेकरी यांना जोडणारी एक रीत विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक शहरांत व तालुक्यांच्या गावी प्रचलित होती. दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, रवा, पिठीसाखर व तूप हे साहित्य डब्यांतून बेकरीत नेले जाई. तेथे पीठ मळून नानखटाई किंवा बिस्किटे थाळ्यांवर लावली जात आणि भट्टीत भाजून मिळत. बेकरीला भाजणावळ द्यावी लागे. साहित्य घरचे असल्याने तुपाच्या शुद्धतेची खात्री राही आणि ज्यांच्या घरी अंडे चालत नसे त्यांना बिनअंड्याचा माल मिळे. भाजलेला माल पत्र्याच्या डब्यांत भरून घरी आणत व तो बरेच दिवस टिकत असे. घरोघरी ओव्हन आल्यावर आणि तयार बिस्किटे स्वस्त झाल्यावर ही रीत कमी झाली.

ओव्हनशिवाय केक

मुंबईत १९५०च्या दशकाच्या मध्यास स्वयंपाकाच्या गॅसची विक्री सुरू झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन होऊ लागले. गॅसची आच हवी तशी कमी-जास्त करता येते. जाड बुडाचा, घट्ट झाकणाचा कुकरही घरोघरी आला. यांमुळे ओव्हनला पर्याय मिळाला.

कुकरमधील केकसाठी झाकणाची रबरी रिंग व शिट्टी काढून ठेवतात आणि कुकरमध्ये पाणी घालत नाहीत. तळाशी बारीक वाळू किंवा जाड मिठाचा सुमारे दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीचा थर पसरून त्यावर जाळी किंवा ताटली ठेवतात. झाकण लावून कुकर मध्यम आचेवर सुमारे दहा मिनिटे तापवला जातो व नंतर केकचे भांडे आत ठेवले जाते. वाळू उष्णता साठवून ती सावकाश व सारखी पसरवते, त्यामुळे तळ करपत नाही. या पद्धतीत वरून थेट आच मिळत नसल्याने केकचा वरचा भाग फिकट राहतो. म्हणून असा केक उलटा करून, तांबूस झालेली खालची बाजू वर ठेवून वाढण्याची पद्धत आहे.

याच काळात ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. त्याच्या झाकणात तापणारी तार व मध्यभागी काचेची छोटी खिडकी असे. तापमान नियंत्रित करण्याची सोय साध्या ओव्हनमध्ये नसल्याने रंग व वास यांवरून अंदाज घ्यावा लागे. उष्णता झाकणातून येत असल्याने त्याची रचना झाकणावर निखारे ठेवण्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती होती. पुढे तापमान व वेळ ठरवता येणारे चौकोनी ओव्हन आणि गरम हवा खेळवणारे मायक्रोवेव्ह ओव्हन प्रचारात आले. केवळ मायक्रोवेव्ह लहरींवर केक शिजतो, परंतु तांबूस होत नाही. त्यासाठी 'कन्व्हेक्शन' ही सोय वापरावी लागते.

अंड्याविना केक

अंडे केकमध्ये चार कामे करते. फेटल्यावर ते हवा धरून ठेवते, उष्णतेने घट्ट होऊन केकला आधार देते, बलकातील लेसिथिनमुळे स्निग्ध पदार्थ व पाणी एकजीव ठेवते आणि ओलावा पुरवते. एकच पदार्थ ही सर्व कामे करू शकत नसल्याने बिनअंड्याच्या केकमध्ये ती वेगवेगळ्या घटकांवर सोपवली जातात. फुगण्यासाठी दही किंवा ताक व खाण्याचा सोडा, ओलावा व घनतेसाठी आटवलेले गोड दूध, पिकलेले केळे किंवा सफरचंदाचा गर, तर आधारासाठी मैदा किंवा रवा वापरतात.

यातील बेकिंग पावडरच्या शोधामागेही अंडे व यीस्ट टाळण्याचीच गरज होती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला हे दोन्ही पदार्थ सोसत नसत. त्यामुळे बर्ड यांनी १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्ड व १८४३ मध्ये यीस्टविना पीठ फुगवणारी पावडर तयार केली.

घटक व त्यांचे कार्य

रवा व मैदा: मैद्यातील प्रथिनांपासून पाण्याच्या संपर्कात ग्लुटेन तयार होते. मिश्रण जास्त घोटल्यास ग्लुटेन चिवट होऊन केक घट्ट होतो, म्हणून मैदा घातल्यावर ते हलक्या हाताने कालवतात. रवा पाणी सावकाश शोषतो, त्यामुळे रव्याचे मिश्रण २० ते ३० मिनिटे झाकून ठेवणे आवश्यक असते.

तांदूळ व भरडधान्ये: तांदूळ व नाचणी यांत ग्लुटेन नसते. त्यांच्या केकला पिठूळ पदार्थ घट्ट होऊन मिळणारा आधारच उपयोगी पडतो. त्यामुळे धोंडस मैद्याच्या केकइतका जाळीदार न होता वडीसारखा दाट होतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भोर, राजगड (पूर्वीचे वेल्हे), मुळशी व मावळ हे भाताचे तालुके असून तेथील डोंगरउतारांवर नाचणीचेही पीक घेतले जाते. भात सडताना निघणारी तांदळाची कणी भरडून धोंडसासाठी योग्य असा रवा मिळतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळण्यात आले व त्या निमित्ताने नाचणीच्या केकला आणि बिस्किटांना नव्याने प्रसिद्धी मिळाली.

साखर व गूळ: साखर गोडीखेरीज ओलावा धरून ठेवते व रंग आणते. गूळ हवेतील ओलावाही शोषतो, म्हणून गुळाचा केक अधिक काळ मऊ राहतो, मात्र दमट हवेत त्याला बुरशीही लवकर येते.

सोडा व बेकिंग पावडर: खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दही, ताक किंवा लिंबाच्या रसातील आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो व मिश्रण फुगते. ही क्रिया मिश्रण ओले होताच सुरू होत असल्याने ते लगेच भाजायला ठेवावे लागते. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडे आम्लधर्मी क्षार व पिठूळ पदार्थ एकत्र असतात, त्यामुळे वेगळे आम्ल लागत नाही.

उष्णता: साधा केक १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये भाजतात. केकच्या आतील भागात पाणी असल्याने तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. पृष्ठभाग कोरडा झाल्यावर मात्र तेथील तापमान सुमारे १४० अंशांच्या पुढे जाते व प्रथिने आणि शर्करा यांच्या क्रियेतून तांबूस रंग व खरपूस वास निर्माण होतो.

कृती

रव्याचा केक: एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी ताजे दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी पातळ तूप, चिमूटभर मीठ व वेलचीपूड एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवावी. मिश्रण घट्ट झाल्यास थोडे दूध घालावे. भांडे किंवा ओव्हन तापल्यावर मिश्रणात अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून हलवावे आणि तूप लावलेल्या भांड्यात अर्ध्या ते दोनतृतीयांश उंचीपर्यंत ओतावे. कुकरमध्ये मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटे, तर तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ४० मिनिटे लागतात. मध्यभागी खुपसलेली सुरी किंवा काडी कोरडी बाहेर आल्यास केक झाला असे समजावे. हेच मिश्रण स्टीलच्या वाट्यांत भरल्यास १५ ते २० मिनिटे पुरतात.

धोंडस: दोन वाट्या तांदळाचा रवा थोड्या तुपावर खमंग भाजून घ्यावा. जून काकडीची साल व बिया काढून कीस करावा. काकडी कडू नाही हे आधी चाखून पाहावे. तीन वाट्या कीस त्याच्या पाण्यासह, दीड वाटी गूळ व एक वाटी ओले खोबरे एकत्र उकळून त्यात रवा, मीठ व वेलची घालावी आणि मिश्रण झाकून वाफ आणावी. नंतर ते तूप लावलेल्या जाड भांड्यात थापून वर-खाली आचेवर किंवा ओव्हनमध्ये कडा सुटून वरचा भाग तांबूस होईपर्यंत भाजावे. पूर्ण थंड झाल्यावरच वड्या कापाव्यात, अन्यथा त्या मोडतात.

वाटीचे माप घरागणिक बदलते. सर्व घटक एकाच वाटीने मोजल्यास त्यांचे परस्परप्रमाण कायम राहते. परंतु सोडा व बेकिंग पावडर चमच्याने मोजली जात असल्याने वाटी फार मोठी किंवा लहान असल्यास त्यांचे प्रमाण त्यानुसार बदलावे लागते.

सामान्य दोष व कारणे

मध्यभाग खचणे: सोड्याचे अतिरिक्त प्रमाण, पूर्ण भाजण्यापूर्वी झाकण उघडणे किंवा केक कच्चा असताना बाहेर काढणे.

वर भेग पडणे: आच जास्त असल्याने कडा व पृष्ठभाग आधी घट्ट होणे आणि आतील मिश्रण नंतर फुगणे.

साबणासारखी चव: आम्लाच्या मानाने सोडा जास्त होणे. हळद घातलेल्या मिश्रणात याच कारणाने लालसर ठिपके दिसतात, कारण हळद अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात लाल होते.

तळाशी घट्ट थर: रवा पुरेसा न भिजणे, मिश्रण फार पातळ असणे किंवा सोडा घातल्यावर ते भाजायला ठेवण्यास उशीर होणे.

महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने वायू अधिक प्रसरण पावतो आणि पाणीही लवकर बाष्परूप होते. अशा ठिकाणी बेकिंग पावडर किंचित कमी व द्रव पदार्थ किंचित जास्त घ्यावे लागतात.

सुरक्षितता

कोरडा कुकर फार वेळ तापवल्यास त्याचा सुरक्षा-झडपेतील वितळणारा भाग निकामी होऊ शकतो. असा कुकर नंतर वाफेच्या स्वयंपाकासाठी धोकादायक ठरतो. त्यामुळे केकसाठी जुना कुकर कायमचा वेगळा ठेवणे किंवा जाड बुडाचे पातेले अथवा कढई वापरणे अधिक सुरक्षित असते. रिंग व शिट्टी लावून पाण्याविना कुकर तापवू नये. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी रिकामी तापवल्यास लेप खराब होऊन घातक वायू निघू शकतात, म्हणून तीही या कामासाठी वापरत नाहीत. निखारे वापरताना खोली हवेशीर असणे आवश्यक आहे, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साठतो.

सामाजिक संदर्भ व घरगुती व्यवसाय

महाराष्ट्रात वाढदिवसाला औक्षण करून गोडधोड करण्याची रीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी घरांत त्याला केक कापण्याची जोड मिळाली आणि अनेक घरांत दोन्ही प्रथा शेजारीशेजारी चालू आहेत. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर घरी केक करण्याचे प्रमाण वाढले. बचत गटांतून व स्वतंत्रपणे केक, नानखटाई व नाचणीची बिस्किटे विकणे हा अनेक महिलांच्या उत्पन्नाचा मार्ग आहे.

विक्रीसाठी घरी खाद्यपदार्थ करणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो. त्याखालील नियमांनुसार ठरावीक मर्यादेपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकांना परवान्याऐवजी नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. वेष्टनावरील खुणांच्या दृष्टीने अंडे असलेला केक मांसाहारी गटात मोडतो व त्यावर तपकिरी चिन्ह असावे लागते. बिनअंड्याच्या केकवर हिरवे चिन्ह असते. एकाच साच्यात व एकाच ओव्हनमध्ये दोन्ही प्रकार केले जातात काय, असा प्रश्न ग्राहक विचारतात, त्यामुळे केवळ बिनअंड्याचे केक करणारे व्यावसायिक तसा उल्लेख ठळकपणे करतात.

निखाऱ्यांवरील पद्धत गॅसच्या प्रसारानंतर मागे पडली. धोंडस आता बहुधा ओव्हनमध्ये किंवा तव्यावर ठेवलेल्या भांड्यात केला जातो, तर तांदळाच्या रव्याऐवजी इडली रवा वापरला जातो. आच, राख व झाकण यांचा अंदाज हातानेच शिकावा लागत असल्याने लिखित पाककृतींत त्याची नोंद अपुरी राहते. या पदार्थांचे घटक टिकून असले, तरी ते भाजण्याचे मूळ तंत्र जाणणारी घरे कमी होत आहेत.

हेही पहा

नानखटाई
बेबिंका
सांदण
पाव
खाण्याचा सोडा